सदनिका ३०३ च्या न्हाणीघरातील दांडीबाबत

अर्जदार :
सौ. प्रिस्का लेस्टर तुस्कानो
सदनिका क्र. ३०३, केवडा-किरण सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
माणिकपूर, वसई रोड (पश्चिम)

दिनांक : २२ एप्रिल २०२५

प्रति,
मा. सचिव (श्री. आल्बर्ट तुस्कानो),
केवडा-किरण सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
संस्था कार्यालय, पंपरूमच्या शेजारी

विषय : सदनिका क्र. ३०३ चे न्हाणीघर नव्याने बांधण्यास, दांडीसह, परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ :
१. अर्जदाराची तोंडी विनंती, रविवारी दुपारी, कालवण वाढताना. (आपला शेरा : 'घरी मी सचिव नाही.')
२. अर्जदाराचा पहिला लेखी अर्ज. (आपला शेरा : 'विषय एका ओळीत मावत नाही. परत.')
३. अर्जदाराचा दुसरा लेखी अर्ज. (आपला शेरा : 'मोघम. कोणते निर्णय झाले, कोणी घेतले व का, हे सविस्तर लिहावे. "इत्यादी" चालणार नाही. दांडी अनावश्यक.')
४. आपलेच परिपत्रक, 'ज्येष्ठ सभासदांच्या न्हाणीघरात आधाराची दांडी बसवणेबाबत', जे सूचना फलकावर आजही आहे.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करते की, ती मा. सचिवांची सून आहे. हे नातं अर्जाच्या आड येऊ नये म्हणून मा. सचिवांनी जी दक्षता घेतली, तिच्याबद्दल अर्जदाराच्या मनात आदरच आहे. ज्या माणसाची अख्खी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात गेली, तो माणूस स्वतःच्या घरचं काम तोंडी मंजूर करील, अशी आशा धरणं ही अर्जदाराची पहिली चूक. ती आशा कालवण वाढताना बोलून दाखवणं ही दुसरी. त्यानंतर अर्जदार रीतसर संध्याकाळी अर्ज घेऊन कार्यालयात खाली उतरली. मा. सचिवांनी चष्म्यावरून पाहिलं आणि 'बसा' म्हणाले. लग्नाला सात वर्षं झाली, पण ते अर्जदाराला अहो-जाहो बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदाच. त्यांनी अर्जावर शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली, 'कळवू' म्हणाले, कार्यालयाला कुलूप लावलं आणि अर्जदाराच्याच सोबत लिफ्टने वर येऊन, दारात चपला काढता काढता विचारलं, 'प्रिस्का, चहा टाकतेस का गं बाय?' चहा टाकण्यात आला. जेवताना त्यांनी सहज विचारलं, 'काय लिहिलंयस एवढं अर्जात?' तेव्हा अर्जदाराने नम्रपणे सांगितलं, 'पप्पा, ते मी सचिवांना सांगेन.'

सबब, या अर्जात 'मा. सचिव' आणि 'अर्जदाराचे सासरे' या दोन वेगवेगळ्या व्यक्ती समजाव्यात, ही विनंती.

२. 'निर्णय कोणी घेतले' या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं की, या घरातले बहुतेक निर्णय अर्जदाराची भीती घेते, अर्जदार फक्त सही करते. ती वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. मुलगी इवा हिच्या जन्मापर्यंत ती एका विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायची. त्या नोकरीने पगार दिला आणि एक खोड लावली. कुठलीही वस्तू समोर आली की ती कशी आहे यापेक्षा तिच्यावर कोण आणि कसं आपटेल, हे तिला आधी दिसतं. इवा चालू लागली तेव्हा अर्जदाराने घरातल्या सगळ्या कोपऱ्यांना स्पंजच्या पट्ट्या चिकटवल्या. सासूबाई सौ. रिटा म्हणाल्या, 'हे घर आहे की कुरिअरचं पार्सल?' सासऱ्यांनी पेपर वाचता वाचता टीपॉयचा स्पंज नखाने कुरतडून संपवला. अर्जदाराचे पती लेस्टर यांचं म्हणणं असं की, तिला चर्चमध्ये नेलं तरी ती आधी पंखा कुठे लटकतोय ते बघते. हा आरोप अर्जदाराला मान्य आहे. तिसऱ्या बाकावरचा पंखा खरंच हलतो.

अशी व्यक्ती न्हाणीघर बांधायला निघाली, तर काय होईल, याची कल्पना मा. सचिवांना यावी म्हणून हे आधीच लिहिलं. तरीही एक गोष्ट अर्जदार इथेच स्पष्ट करू इच्छिते. खाली जे जे मागितलं आहे, त्यातलं काहीही नामंजूर झालं तरी तिची हरकत नाही. पण दांडी नामंजूर झाली, तर ती चौथा अर्ज करील. त्यानंतर पाचवाही.

३. पहिला निर्णय भिंतीचा. सध्या संडास आणि न्हाणीघर शेजारी-शेजारी, पण वेगळे आहेत. मधली भिंत पाडून दोन्ही एक करावं, म्हणजे हॉटेलसारखं ऐसपैस वाटेल, असं लेस्टर यांचं मत पडलं. त्यावर सासूबाईंनी विचारलं, 'एक जण आत गेला की बाकीच्यांनी बाहेर रोझरी म्हणत उभं राहायचं का?' पाच माणसांच्या घरात सकाळी शाळा, ऑफिस आणि चर्चची मिस्सा एकाच वेळी असते, हे लक्षात घेता प्रश्न रास्त होता. भिंत राहील.

४. फरशीच्या निर्णयात मात्र अर्जदाराची थोडी बेअब्रू झाली. माणिकपूरच्या ज्या दुकानात सगळे टाइल्स पाहायला गेले, तिथे लेस्टर यांना पांढऱ्या, आरशासारख्या चकचकीत टाइल्स आवडल्या. 'पाहुण्यांना कसं वाटेल बघ,' असं ते म्हणाले. पाहुणे आंघोळीला येत नाहीत, हे सासूबाईंनी तिथल्या तिथे निदर्शनास आणलं. दुकानदार प्रत्येक टाइलबद्दल 'अँटीस्किड आहे' असं छातीवर हात ठेवून सांगत होता. अर्जदाराने पर्समधून साबणाच्या पाण्याची बाटली काढली, चपला काढल्या आणि खाली मांडलेल्या नमुन्यांवर पाणी ओतून ती अनवाणी चालली. दुकानदार म्हणाला, 'मॅडम, गिऱ्हाईक टाइल वाजवून बघतं, उजेडात धरून बघतं. आंघोळ करून बघणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघतोय.' हे ऐकताना अर्जदार चकचकीत टाइलवर पोचली होती. ती घसरली आणि पडता पडता तिने दुकानदाराचा शर्ट धरला. शर्टाची दोन बटणं निघाली. ती शोधून परत करण्यात आली.

तात्पर्य, पडणारा माणूस जे हाताला लागेल ते धरतो. ते भिंतीत पक्कं बसवलेलं असावं, दुकानदार असू नये. फरशीसाठी लहान आकाराच्या, खरखरीत, करड्या टाइल्स ठरल्या आहेत. लहान टाइल्सना उतार नीट देता येतो, आणि सांधे जास्त असल्यामुळे पाय धरून राहतो. सासूबाईंच्या मते ती फरशी स्टेशनच्या फलाटासारखी दिसते. अर्जदाराला ही स्तुती वाटली.

५. तिसरा निर्णय दाराचा. गेल्या महिन्यात इवाने आतून कडी लावून घेतली, ते संपूर्ण तिसऱ्या मजल्याला आणि खालच्या २०३ मधील श्री. कॅल्विन यांना ठाऊकच आहे, कारण ते हातोडा घेऊन आले होते. आतून आवाज येत नव्हता. अर्जदार दारावर दोन्ही हात आपटून ओरडत होती, आणि तिच्या डोक्यात दाव्याचे कागद पुरे भरून झाले होते. एवढ्यात आतून इवा हळूच म्हणाली, 'मम्मा, ओरडू नको ना. बेबी झोपलीय.' तिने बाहुलीला कोरड्या बादलीत निजवलं होतं. सासूबाईंनी अर्जदाराला बाजूला सारलं, फ्रीजचं दार मोठ्याने उघडलं आणि 'आइस्क्रीम कोणाला?' असं विचारलं. कडी उघडली. कॅल्विन यांनाही आइस्क्रीम द्यावं लागलं.

म्हणून कडी अशी घ्यायची, की ती बाहेरून नाणं घालून फिरवता येईल. दार बाहेरच्या बाजूला उघडेल. यामागे इवा नाही, जुनी नोकरी आहे. आत माणूस पडला, तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं आणि मदत बाहेर उभी राहते. अशा दाव्यांच्या फायली अर्जदाराने वाचल्या आहेत. त्या विसरायला तिला अजून जमलेलं नाही.

६. सासूबाईंच्या दगडाबाबत. गास गावच्या जुन्या घरातली न्हाणी मागच्या पडवीला होती. तिथे एक काळा दगड होता. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्याच्यावर बसून आंघोळ करत. माणिकपूरला फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी कपाट गावी ठेवलं आणि दगड जुन्या चादरीत गुंडाळून टेंपोत पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसवून आणला. तो सध्या न्हाणीघराच्या मधोमध आहे. त्याला ठेचकाळला नाही असा एकही अंगठा या घरात नाही. अर्जदाराने तो हलवण्याचा विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'माझ्या दगडाला स्पंज लावलास तर बघ.' तीन दिवस बोलणी चालली. अखेर कोपऱ्यात बसायला ओटा बांधायचा आणि दगड त्याच्यावर बसवायचा, असं ठरलं. कडा मिस्त्री गोल करील. बसून बसून जिथे गुळगुळीत झालाय, ती जागा मात्र तशीच राहील. या तडजोडीबद्दल दोन्ही पक्ष स्वतःला विजयी समजतात.

७. लेस्टर यांना छतातून पावसासारखा पडणारा शॉवर हवा होता. आपल्या टाकीला तेवढा जोर नाही आणि टँकरच्या आठवड्यात तर थेंबसुद्धा मोजून येतात. शिवाय बोअरच्या खाऱ्या पाण्याने नळांवर पांढरे डाग धरतात, त्यामुळे त्यांनी मोबाइलवर दाखवलेले काळे नळ महिनाभरात राखाडी झाले असते. साधे स्टीलचे नळ, हातात धरायचा शॉवर आणि बादली-तांब्या. लेस्टर यांनी दुःख गिळलं.

८. जुनी फरशी फोडल्यावर खाली पाणी झिरपू नये म्हणून लेप द्यायचा, आणि मग आत काही दिवस पाणी भरून ठेवून ते खाली उतरतं का ते पाहायचं, असं ठेकेदार पीटर यांनी सांगितलं आहे. हे टाळता येणार नाही. कॅल्विन यांच्या छतावरचा ओलीचा डाग, त्यांच्याच शब्दांत, 'आधी श्रीलंका होता, आता ऑस्ट्रेलिया झालाय.' या काळात आंघोळीला कुठे जायचं, हा प्रश्न होता. तो १०१ मधील फर्डिनंड अंकल यांनी सोडवला. 'सगळे माझ्याकडे या. एकटा माणूस, न्हाणीघर दिवसभर रिकामं,' असं ते म्हणाले.

इथे संदर्भ क्र. ४ चा उल्लेख करणं क्रमप्राप्त आहे. फर्डिनंड अंकल गेल्या वर्षी न्हाणीघरात घसरले आणि खुबा मोडून कित्येक महिने अंथरुणाला खिळले. मा. सचिव रोज संध्याकाळी त्यांच्याकडे कॅरम घेऊन जात. त्यांनीच पुढे समितीत ठराव आणला, परिपत्रक काढलं, आणि सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाच्या घरी स्वतः टेप घेऊन जाऊन दांडी बसवून घेतली. एवढं मनापासून झालेलं काम या संस्थेत दुसरं नसेल. फक्त ३०३ मध्ये दांडी बसली नाही. कारण विचारलं तेव्हा अर्जदाराचे सासरे म्हणाले, 'आपल्या घरात म्हातारं आहे कोण?' संस्थेच्या दप्तरात त्यांचं वय एकाहत्तर आहे. 'ते दप्तरात,' असं त्यांचं उत्तर आहे.

रविवारी मिस्सानंतर फर्डिनंड अंकल यांनी सासऱ्यांना मुद्दाम घरी नेऊन दांडी दाखवली. 'आल्बर्ट, धरून तर बघ. बसमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं, फक्त कंडक्टर नाही.' सासरे म्हणाले, 'तुला लागते, तू धर.' त्यावर अंकल म्हणाले, 'मला लागते हे मलाही पडल्यावरच कळलं रे.' सासऱ्यांनी विषय बदलून कॅरमची सोंगटी हरवल्याचं सांगितलं. सोंगटी त्यांच्या खिशात होती. अर्जदाराने ती दुसऱ्या दिवशी धुण्यातून काढली.

९. आता दांडी. अर्जदाराची कोणतीही शंका असो, पीटर यांचं एकच उत्तर असतं, 'टेन्शन नका घेऊ वहिनी, नंतर बघू.' उतार नंतर बघू, जाळी नंतर बघू. दांडीबद्दलही ते हेच म्हणाले. या एका बाबतीत अर्जदाराने टेन्शन घेतलं आहे, आणि ते परत करणार नाही. न्हाणीघराची ती भिंत पातळ विटेची आहे. नुसता प्लॅस्टिकचा गिट्टा ठोकून लावलेली दांडी टॉवेलचं वजन पेलते, माणसाचं नाही. त्यासाठी टाइल बसवण्याआधी भिंत आतून भक्कम करावी लागते, आणि पाइप कुठून जातात ते पाहून जागा ठरवावी लागते. टाइल बसल्यावर भोकं पाडली, तर दिलेला लेप फुटेल आणि कॅल्विन यांच्या ऑस्ट्रेलियाला न्यूझीलंड जोडलं जाईल. म्हणजे दांडी आत्ता ठरली नाही, तर ती कधीच ठरणार नाही.

पीटर यांनी विचारलं, 'कोणासाठी आहे? त्याप्रमाणे उंची घेतो.' अर्जदार म्हणाली, 'माझ्यासाठी.' त्यांनी कागदावरचं माप पाहिलं, मग अर्जदाराकडे पाहिलं. 'वहिनी, ही तर तुमच्या खांद्याशी येईल.' अर्जदाराने सांगितलं की, ती घाबरली की तिचे हात वर जातात. पीटर यांना ते पटलं. अर्जदाराला ओळखणाऱ्या कोणालाही ते पटेल.

तरी सदर दांडी अर्जदाराच्या वापरासाठी असून, तिला न्हाणीघरात भीती वाटते, अशी नोंद समितीच्या इतिवृत्तात घ्यावी. कॅल्विन हसतील. त्यांना हसू द्यावं.

१०. (हा परिच्छेद मुद्दाम वेगळ्या पानावर लिहिला आहे. अर्ज समितीपुढे ठेवताना हे पान काढून घ्यावं.)

झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) आधीच्या आठवड्यात, एका सकाळी न्हाणीघरातून मोठा आवाज झाला. अर्जदार तव्यावरची पोळी तशीच टाकून धावली. आतून सासरे म्हणाले, 'काही नाही, बादली पडली.' बादली पडल्यावर कशी वाजते हे अर्जदाराला माहीत आहे, इवा ती रोज पाडते. हा आवाज बादलीचा नव्हता. बऱ्याच वेळाने सासरे बाहेर आले. टॉवेलची दांडी एका बाजूने वाकून भिंतीतून निम्मी बाहेर आली होती. चहा घेताना ते म्हणाले, 'प्रिस्का, त्या दांडीवर ओल्या जीन्स टाकत जाऊ नकोस.' अर्जदार खरोखरच टाकते. त्यामुळे अपघातांचे दावे तपासलेली ही बाई पुढचे काही दिवस स्वतःलाच गुन्हेगार समजत राहिली आणि जीन्स खुर्चीवर वाळवत राहिली. खुर्ची काही वाकली नाही. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला.

मग तिने पाहिलं. एप्रिलच्या उकाड्यात सासरे पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागले. गुड फ्रायडेला सगळं चर्च गुडघ्यांवर असताना ते पुढचा बाक धरून उभे राहिले. आणि ज्या माणसाने टेबलाच्या रिकाम्या खणालासुद्धा आयुष्यभर कुलूप लावलं, तो आता आंघोळीला जाताना आतून कडी लावत नाही. दार नुसतं लोटलेलं असतं. त्या वेळात अर्जदार पाट घेऊन दाराबाहेरच्या बोळात कांदे चिरत बसते. घरच्यांना वाटतं, स्वयंपाकघरात उकडतं. या घरात गेला पंधरवडा प्रत्येक भाजीत कांदा जास्त का, याचं कारण हे आहे.

तिने त्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर 'बादली पडली' हेच पुन्हा ऐकायला मिळालं असतं, आणि ते खोटं पाडण्यासाठी तिला त्यांच्याशी भांडावं लागलं असतं. तिला भांडण जिंकायचं नाही. तिला दांडी बसवायची आहे. या घरात भित्री म्हणून तिची नोंद आधीपासूनच आहे, त्यात एका दांडीची भर पडल्याने कोणाचं काही बिघडत नाही. भीती तिच्या नावावर राहू द्यावी. आधार ज्याला हवा त्याने घ्यावा.

उंचीबाबत खुलासा. सासऱ्यांची आंघोळ झाली की वाफेने ओल्या झालेल्या भिंतीवर, नळाच्या डाव्या हाताला, एक पंजा उमटलेला असतो. रोज त्याच जागी. अर्जदाराने तिथे इवाच्या हिरव्या खडूने बारीक रेघ मारली आहे. पीटर यांना दिलेलं माप त्या रेघेचं आहे. पण वाफेवरून घेतलेलं माप बोटभर चुकू शकतं, आणि दांडी एकदाच बसणार आहे.

मा. सचिवांची आणि अर्जदाराच्या सासऱ्यांची रोज सकाळी, निदान दाढी करताना तरी, गाठ पडते. बाकी कोणाचं ते ऐकत नाहीत, आपलं ऐकतील. तरी आपण त्यांना कृपया सांगावं, की त्यांनी त्या रेघेवर एकदा हात ठेवून पाहावा. रेघ खाली वाटली तर वर, वर वाटली तर खाली, दुसरी रेघ मारावी. पीटर शुक्रवारी भिंत फोडायला घेणार आहेत. काही बोलायची आवश्यकता नाही, घरी तर नाहीच. दुसरी रेघ दिसली, की अर्जदार ती मंजुरी समजेल. शिक्का सवडीने मारला तरी चालेल.

तोवर कडी न लावण्याची सध्याची पद्धत चालू ठेवावी, ही आग्रहाची विनंती. कांद्यांचं अर्जदार पाहून घेईल.

कार्यालयात आपली अर्जदार, घरी आपली सून,

(सही)
सौ. प्रिस्का लेस्टर तुस्कानो

सोबत जोडले आहे :
१. फरशीच्या टाइलचा नमुना (साबण पुसून).
२. संदर्भ क्र. ४ मधील परिपत्रकाची प्रत. 'वयाची लाज बाळगू नये' या आपल्या वाक्याखाली अर्जदाराने रेघ ओढली आहे, त्याबद्दल क्षमस्व.
३. श्री. कॅल्विन यांच्या छताचा फोटो.
४. हिरवा खडू. (जोडलेला नाही. न्हाणीघराच्या खिडकीत, साबणाच्या डबीमागे ठेवला आहे.)